स्केट्स वाढत्या मापाचे घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांचे कपडे आणि बूट जरा वाढत्या मापाचे घ्यायचे, ही आपल्या घरांतली जुनी रीत. गणवेशाला ती चालते, पावसाळी बुटांनाही चालते. बर्फावरच्या हॉकीच्या स्केट्सना, म्हणजे तळाला पाते असलेल्या बुटांना, मात्र ती मुळीच चालत नाही. कॅनडातल्या टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या भागांत सप्टेंबर-ऑक्टोबरात मुलांची हॉकी सुरू होते. नव्याने आलेली मराठी घरेही मुलांना रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, नेऊ लागतात, भेटीला आलेले आजी-आजोबा हौसेने खरेदी करून देतात, आणि दुकानात मागणी एकच असते: पुढच्या वर्षीही बसतील असे दाखवा. स्केट्सची मापे घेणे आणि धार लावणे हेच आमचे रोजचे काम, म्हणून या मागणीबद्दल सविस्तर लिहीत आहोत.

स्केटचे पाते जेमतेम ३ मिलिमीटर रुंद असते. टाच बुटात घट्ट बसली असेल तरच मूल त्या पट्टीवर तोल सांभाळते. बूट सैल असला की टाच आत वर-खाली होते, घोटा आतल्या बाजूला कलतो, पाते तिरके पडते. मग ‘याचे घोटेच कमजोर आहेत’ असे घरच्या घरी ठरते आणि पोराला व्यायाम लावले जातात. घोट्याला बोल लावण्याआधी बुटाचे माप पाहा.

हॉकी स्केटचा नंबर सहसा रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान असतो. खेळताना घालायचा तोच पातळ मोजा घालून, उभे राहून, दोन्ही पाय मोजून घ्यावेत. दोन्ही पाय सारखे क्वचितच असतात. मोठ्या पायाचे माप धरावे. स्केट चढवल्यावर टाच मागे ठोकून बसवा, लेस बांधा आणि मुलाला सरळ उभे करा. बोटांची टोके बुटाच्या पुढच्या कडक टोकाला निसटती लागली पाहिजेत, आणि गुडघे वाकवताच मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. बोटे दुमडत असतील तर स्केट लहान. वाढत्या पायाला सूट हवी असेल तर ती एवढीच: लेस सोडून पाय पूर्ण पुढे सरकवा, टाचेमागे तुमचे एक बोट गेले तर चालेल. दोन गेली तर स्केट परत ठेवा.

बूट पुरेसा खोल आहे का, याची परीक्षा पेन्सिलीने होते. पाय आत, लेस पूर्ण सैल, बुटाची जीभ (लेसखालची पट्टी) पुढे ओढलेली. आता वरून तिसऱ्या भोकाच्या रेषेत पेन्सिल आडवी ठेवा. ती दोन्ही कडांवर टेकली पाहिजे. पायाच्या उंचवट्यावर अडून डुगडुगत असेल तर बूट उथळ आहे, आणि पुढे लेस तिथेच रुतणार. सीसीएम आणि बॉअर या दोन्ही कंपन्यांत एकाच लांबीचे अरुंद, मध्यम आणि रुंद असे साचे मिळतात. चवडा रुंद असेल तर लांबी वाढवू नका, रुंद साचा मागा.

खर्च मोठा असतो, हे खरे. पण त्यावर उपाय मोठा नंबर नव्हे. बरोब्बर मापाचे वापरलेले स्केट्स घ्या आणि लहान झाले की विका. दर तीन महिन्यांनी पुन्हा बोट घालून माप पाहा. वापरलेला जोड घेताना घोट्याजवळचा भाग दोन बोटांनी दाबा; कापडासारखा दुमडला तर बूट मेला. पाते धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या होल्डरला तडा आहे का, तळाचे रिव्हेट हलतात का आणि धार लावायला पाते किती उरले आहे, हेही पाहा.

नवे स्केट्स दुकानात खास भट्टीत तापवून पायावर बसवून देतात. साधारण ८० अंश सेल्सियस आणि मोजकी मिनिटे. मॉडेलप्रमाणे वेळ बदलते. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये, डिंक सुटतो. गरम बुटाची लेस वर न खेचता बाजूला ओढावी, नाहीतर भोकांची कडी उपटून येते. मग दहा-पंधरा मिनिटे हलायचे नाही, आणि एक दिवस बर्फावर जायचे नाही.

लेस बांधताना पुढची दोन-तीन भोके बेताची, मधली घट्ट, वरची पुन्हा बेताची. उरलेली लेस घोट्याभोवती गुंडाळू नका. ती पुढून कंडरेवर दाब देते. तिथे लाली येते, पाऊल वर उचलताना कळ येते. असे झाले तर वरचे एक भोक सोडून बांधा आणि जिभेखाली पातळ जेलची पट्टी ठेवा. थंडी वाजते म्हणून दोन लोकरी मोजे चढवणे हाही गैरसमज. मोज्यावर मोजा घासतो, घाम मुरतो, फोड येतात, शिवाय रक्ताभिसरण आवळून पाय आणखी गार पडतात. फोड फोडू नये; साबणाच्या पाण्याने धुऊन झाकावा. मधुमेह असलेल्या मोठ्या खेळाडूंनी लहानशी जखमही डॉक्टरांना दाखवावी.

आता धार. नवे स्केट्स बहुधा धार न लावताच विकले जातात, हे पुष्कळांना माहीत नसते. पात्याच्या तळाला लांबीभर एक खोबण असते, तिच्या दोन्ही काठांना धार असते. खोबण ज्या वर्तुळाचा तुकडा, त्याची त्रिज्या म्हणजे दुकानात सांगायचा आकडा. सुरुवात अर्ध्या इंचाने करावी. थांबताना पाते अडकत असेल तर पाच अष्टमांश इंच मागा, खोबण उथळ होते. हलक्या अंगाचे मूल वळताना घसरत असेल तर तीन अष्टमांश. दहा ते वीस तास खेळल्यावर पुन्हा धार लागते. काम नीट झाले का ते पाहायला स्केट उलटा धरा आणि पात्यावर आडवे नाणे ठेवून समोरून बघा. नाणे एका बाजूला झुकले असेल तर एक काठ उंच राहिला आहे. मूल एकाच बाजूला घसरणार. तसेच परत द्या, दुरुस्त करून मागा.

खेळ संपताच पाते कोरड्या फडक्याने पुसून कापडी खोळ घालावी. प्लॅस्टिकचे कव्हर फक्त चालण्यापुरते; त्यात ओले पाते रात्रभर राहिले की गंज धरतो. घरी आल्यावर आतला सुखतळा काढा, जीभ उघडी टाका आणि खोलीच्या हवेत वाळवा. हीटरवर ठेवू नका.

ओला बूट बॅगेत तसाच राहिला तर पायांना चिखल्या होतात. त्या शेतातल्या चिखलातच होतात असे नाही. बोटांच्या बेचक्यांत, विशेषतः करंगळीशेजारी, पांढुरकी भिजकी कातडी आणि खाज दिसली की बेचके रोज कोरडे करा आणि क्लोट्रिमाझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा, चार आठवडे लावा. खाज आधीच थांबते म्हणून सोडू नका. भारतातून येताना बॅगेत आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम यावर अजिबात लावू नये. लाली दबते, बुरशी पसरते.

बंद रिंकमध्ये बर्फ सारखा करणारे यंत्र गॅसवर चालत असेल आणि हवा खेळती नसेल, तर धुराचा त्रास होतो. एकदम अनेकांचे डोके दुखू लागले, मळमळले, तर सगळ्यांना बाहेर न्या आणि व्यवस्थापनाला कळवा. डोक्याला मार बसलेले मूल त्या दिवशी पुन्हा बर्फावर जाणार नाही, यात तडजोड नको.

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे सामना चालू असताना अ‍ॅडम जॉन्सन या खेळाडूचा गळ्याला स्केटचे पाते लागून मृत्यू झाला. कॅनडात मुलांच्या हॉकीत गळपट्टा सक्तीचा आहेच. तो विकत घेतानाही हीच गोष्ट पाहा: मुलाला हनुवटी वर करायला सांगा. पट्ट्याखाली किंवा वर गळ्याची कातडी उघडी पडत असेल तर तोही वाढत्या मापाचा घेतला गेला आहे, बदलून आणा.

आपले,
स्केट्सची मापे घेणारे व धार लावणारे दोघे,
मिसिसागा, कॅनडा