महाजनकीचा दुवा शोधून देणाऱ्या भाईंना

आदरणीय भाई,
सा. न. वि. वि.

देवस्थानाच्या महाजनांच्या कातालोगात, म्हणजे यादीत, बाबांचं आणि माझ्या भावाचं नाव चढलं, हे कळवायला फोन केला तेव्हा तुम्ही "बरें जालें" एवढंच म्हणालात आणि लगेच मुंबईच्या पावसाची चौकशी केलीत. तुम्ही केलंत ते चार लोकांना कळायला हवं, म्हणून हे जाहीर पत्र. नाव छापू नकोस ही तुमची अट पाळते आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ असे देव नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या बाजूला गेले. त्यांना सांभाळणाऱ्या मूळ घराण्यांकडेच देवस्थानाचा कारभार वंशपरंपरेने राहिला. हे महाजन. १८८६ साली पोर्तुगीज सरकारने त्यांच्यासाठी नियम केले, १९३३ साली ते नव्याने बांधले. देवस्थानागणिक कॉम्प्रोमिस, म्हणजे त्या देवस्थानाची नियमावली, आणि महाजनांची यादी आली. त्या यादीत जायचं तर तिथल्या पूर्वजापासून स्वतःपर्यंतची एकेक पिढी कागदाने जोडून दाखवावी लागते. "आमचं कुलदैवत हेच" म्हणून भागत नाही.

आमचं घोडं अडलं होतं पणजोबांपाशी. गिरगावात आल्यावर त्यांनी गावावरून आडनाव लावलं. गोव्याच्या कागदांत शेणवीचं 'सिनाय' आणि प्रभूचं 'पोरोबो' झालेलं. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, म्हणजे पिढ्यान् पिढ्या तीच दोन नावं आलटूनपालटून. जुन्या यादीत आमच्या खापरपणजोबांच्या नावाचे दोघे निघाले, गावही एकच. त्यातला सोयीचा धरा आणि अर्ज करून टाका, कोण विचारतंय, असा सल्लाही आम्हाला मिळाला होता. तुम्ही मात्र ठाम राहिलात. दुसऱ्याचा बाप आपला म्हणून देवासमोर लिहून द्यायचा नाही, म्हणालात.

आणि मग तुम्ही मला बायका शोधायला सांगितल्यात! दोन पुरुषांचं नाव एक असेल, त्यांच्या बायकांचंही एकच असणं कठीण. इतकी साधी गोष्ट आम्हा कुणाच्या डोक्यात आली नव्हती. जुन्या इन्व्हेंताराची, म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या आणि वारसांच्या नोंदीची, नक्कल तुमच्या टेबलावर उघडली ती दुपार मला लख्ख आठवते. पाठच्या पानाची शाई पुढे उतरलेली, अक्षर तिरकं, ओळीच्या शेवटी शब्द आखडून घेतलेले. तुम्ही भिंग धरून एकेक शब्द आधी पोर्तुगीजमध्ये मोठ्याने वाचायचात, मग मराठीत सांगायचात, आणि खात्री नसेल तिथे पेन्सिलीने टिंब द्यायचात. मयताची विधवा, तिचं नाव. मग वारस. त्यात एक मुलगा गैरहजर, मुंबईत राहणारा.

तो मुलगा म्हणजे आमचे पणजोबाच, हे ठरवायला नाशिकला जा, हेही तुम्हीच सुचवलंत. माणूस परमुलखात आडनाव बदलेल, पण तीर्थोपाध्यायांपुढे बसला की गोत्र, मूळ गाव, आजा-पणजा सगळं सांगतो. उपाध्यांनी गावावरून वही काढली. शके १८३३चा लेख, मोडीत, पणजोबांच्या हातचा. आईच्या अस्थी घेऊन आले होते. आईचं नाव, वडिलांचं, भावांची ओळीने, आणि खाली सहीत जुनं आडनाव, त्यापुढे "हल्ली" लिहून नवं. उपाध्ये वाचत गेले आणि मी तुमच्या कागदावर बोट ठेवून ताडत गेले. विधवेचं नाव तेच. भाऊ तेच. मी तिथूनच तुम्हाला फोन लावला, पण बोलताच येईना.

या यादीत माझं नाव नाही. आमच्या देवस्थानात महाजनकी मुलग्यांकडूनच चालते. मला ते पटत नाही आणि बाबांनाही आता पटेनासं झालंय. पुढच्या सभेत ते हा विषय काढणार आहेत. पण तुम्ही अर्जाला जोडायची वंशावळ तयार केलीत तेव्हा प्रत्येक पुरुषाशेजारी त्याची बायको लिहिलीत, लेकी लिहिल्यात आणि सर्वांत खाली भावाच्या बरोबरीने मला लिहिलंत. समितीने मागितलं नव्हतं. तुम्ही विचारलंही नाहीत, सरळ लिहिलंत. भाई, त्याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

मानधनाचं पाकीट तुम्ही परत केलंत, त्यावर वाद घालत नाही. इन्व्हेंताराचं तुमचं मराठी भाषांतर, नाशिकच्या लेखाचं देवनागरी लिप्यंतर आणि वंशावळ यांचे तीन संच केले आहेत. एक पुण्याच्या चुलत घराला दिला, एक आमच्याकडे, एक तुमच्यासाठी आणते. त्या दुसऱ्या, सारख्या नावाच्या गृहस्थांचे वंशज कधी तुमच्याकडे आले तर त्यांना खुशाल दाखवा. त्यांचंही अर्धं काम त्यात झालेलं आहे.

जत्रेला आम्ही सगळे येतोय. तुम्हाला आणि वहिनींना न्यायला भाऊ गाडी घेऊन येईल. नाही म्हणू नका.

तुमची,
गिरगावची लेक