खेळातले पोलीस तरी गाडी जप्त करतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महामार्गावर रात्री मोटारसायकलींच्या शर्यती लावणारी पोरे पोलिसांना गुंगारा देतात, याला व्हिडिओ गेम जबाबदार आहेत, सबब ते बंद करावेत, असे एका वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आले. मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ वाहतूक शाखेत आणि वायरलेसवर गेला. पत्रलेखकाने नाव घेतलेला 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड' हा गेम माझ्या घरात आहे. मुलाने कॉलेजात असताना घेतलेले प्लेस्टेशन २ आता नातवाच्या ताब्यात आहे. बंदी मागण्याआधी पत्रलेखकाने तो एकदा शेजारी बसून बघायला हवा होता.

गेम २००५ सालचा, मोटारींच्या शर्यतीचा. रॉकपोर्ट नावाचे काल्पनिक शहर, पंधरा शर्यतबाजांची काळी यादी आणि एकेकाला हरवत पहिल्या नंबरच्या रेझरपर्यंत जायचे, एवढीच गोष्ट. आमच्या नातवाला शर्यतीत फारसा रस नाही, त्याला पोलीस मागे लागलेले हवेत. "आबा, दखा, कितला मांगे लागेल शेतस!" म्हणून तो मला ओट्यावरून आत बोलावतो. मीही जातो, कारण त्यातले वायरलेसवरचे बोलणे मला आवडते. गाडी कुठे वळली, जवळ कोण आहे, कुमक हवी का, खबर सारखी चालू असते. सगळे इंग्रजी मला कळत नाही, पण बोलणाऱ्याचा आवाज कधी चढतो ते बरोबर ओळखता येते. पळणाऱ्याची 'हीट', म्हणजे पोलीस किती जोरात मागे लागलेत त्याची पातळी, वाढत गेली की नाकाबंदी येते, टायर फोडणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या येतात, समोरून धडकायला जड एसयूव्ही येतात, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालते. आमच्या वेळी एक जीप आणि तिलाही धक्का मारावा लागे, ते असो.

डोनटच्या दुकानावरची भलीमोठी पाटी पोलिसांच्या गाड्यांवर पाडता येते, तेव्हा नातू टाळ्या पिटतो. मला ते मुळीच आवडत नाही. चेपलेल्या गाडीतल्या शिपायाचे पुढे काय झाले, हे गेम दाखवत नाही. याच मालिकेच्या १९९८ च्या 'हॉट पर्स्यूट' भागात कॉम्प्युटरवर खेळताना पोलिसांची गाडीसुद्धा चालवता येत असे, असे मुलगा सांगतो. तो भाग घरात असता तर मी स्वतः खेळलो असतो.

मात्र त्या रॉकपोर्टमध्ये पायी चालणारा एकही माणूस नाही. भाजीवाली नाही, शाळा सुटलेली पोरे नाहीत, रस्त्यात बसलेले ढोर नाही. तिथे ताशी दोनशेने पाठलाग करायला काय जाते? आपल्याकडे बाजाराच्या दिवशी मोटारसायकलच्या मागे जीप घातली, तर पळणारा सुटेल आणि केळीच्या हातगाडीवरची म्हातारी जाईल. म्हणून आमचे साहेब सांगत, मागे पळू नका, नंबर घ्या, पुढच्या नाक्याला कळवा.

खरे घोडे इथे पेंड खाते. नंबर घ्यायचा तर तो दिसला पाहिजे! मडगार्डखाली दुमडलेली प्लेट, 'दादा' हाताएवढे आणि 'एमएच १९' मुंगीएवढे. तरीही एखादा सापडलाच, तर गाडी चौकीत लागत नाही तोच कोणाचा तरी फोन येतो आणि पोरगा चहा पिऊन घरी जातो. गेममध्ये फोन येत नाही. पकडले की जमवलेल्या पैशांतून दंड कापला जातो आणि त्या गाडीच्या नावावर एक शिक्का बसतो. शिक्के भरले की गाडी जप्त. त्या पडद्यावर नातू रडकुंडीला आलेला मी पाहिला आहे. रंग बदलून हीट कमी करण्याची पळवाट तिथेही आहे म्हणा.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो; २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. बारावीच्या आधीच पोराला दोनशे सीसीची गाडी घेऊन देणाऱ्या किती बापांना हे माहीत आहे?

तेव्हा गेमवर बंदी मागणारी पत्रे छापा, हरकत नाही. त्यासोबत या कलमाखाली आपल्या जिल्ह्यात आजवर किती पालकांवर खटले झाले आणि किती गाड्यांची नोंदणी रद्द झाली, हा आकडा आपल्या वार्ताहराने मागवून छापावा. माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला, तर तो लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त हवालदार
पारोळा, जि. जळगाव