नदी पावसाच्या आधी फुगली

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढ्या मोठ्या विद्यापीठात बसून माणसं कसली शोधतेस? तिथं काय माणसांची वानवा आहे?" मी हसून वेळ मारून नेली, कारण मागून आई "झोप नीट होते का" विचारत होती आणि दोन्ही प्रश्नांना एका दमात उत्तर देणं जमलं नसतं. आईला सांगा, झोप होते. तुमच्या प्रश्नाला मात्र पत्रच लागेल.

आमच्या गटात आम्ही सहा जण. पाऊस, जमिनीतला ओलावा आणि नदीचं पाणी यांचा मेळ संगणकावर बसवायचा, हे आमचं काम. डेटाला तोटा नाही. लँडसॅट उपग्रहांनी १९७२ पासून काढलेली छायाचित्रं २००८ पासून फुकट मिळतात. सेंटिनेल-२ या उपग्रहांची जोडी साधारण दर ५ दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपते, तीही १० मीटरच्या बारकाईनं. युरोपच्या हवामान केंद्राचा ईआरए५ नावाचा संच आहे, त्यात १९४० पासूनचं तासातासाचं हवामान आहे, अख्ख्या पृथ्वीचं. हे सगळं मी खुर्चीवरून न उठता उतरवून घेऊ शकते. पण ईआरए५ मधला एक चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा. तेवढ्यात एक डोंगर, दोन दऱ्या आणि एक धरण सहज मावतं, आणि त्या सगळ्यांचा मिळून पावसाचा आकडा येतो एकच. धरणाचे दरवाजे कुठल्या रात्री उघडले, कुठल्या ओढ्याचं पाणी वळवलं, हे त्या संचात नाही. ते तिथं राबणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, आणि तो माणूस आमच्या इमारतीत बसत नाही.

पहिल्या वर्षी मी चक्क मूर्खपणा केला. चाळीसेक जणांना एकच मेल पाठवला, वरचं नाव तेवढं बदलून. आम्ही अमुक पद्धत विकसित करत आहोत, आपल्याबरोबर काम करायला आवडेल, वगैरे. तीन उत्तरं आली, त्यातलं एक "मी रजेवर आहे" असं आपोआप आलेलं. तेव्हा राग आला होता. परवा तो मेल पुन्हा वाचला आणि वाटलं, मीही उत्तर दिलं नसतं. ओळीओळीला "आम्ही", आणि समोरच्याचं काम वाचल्याची एक खूण नाही. शिवाय "मिळून काम करू" याचा अर्थ पुष्कळदा "तुमचा डेटा द्या" एवढाच असतो, हे त्या मंडळींना अनुभवानं माहीत असतं. वीस वर्षं चिखलात उतरून कुणी मोजमापं घ्यायची, बाहेरच्यांनी येऊन चार महिन्यांत त्यावर शोधनिबंध छापायचा आणि शेवटी आभारात एक ओळ टाकायची. याला हेलिकॉप्टर संशोधन म्हणतात. उतरायचं, उचलायचं, उडायचं.

पहिला खरा सोबती मिळाला तो माझ्या एका घोळामुळे. एका खोऱ्याचा आलेख काढला होता, वर पर्जन्यमापकातला पाऊस आणि खाली नदीची पातळी. नदी पावसाच्या आधी फुगत होती! जवळजवळ प्रत्येक पुरात, बरोबर एक दिवस आधी. दोन आठवडे मी प्रोग्राम उसवत बसले. एका रकमेचा ताळा लागत नाही म्हणून तुम्ही बँकेत दिवेलागणीनंतरही बसायचात ना, तशी. उपग्रहांवरून काढलेला पाऊस नदीशी जुळत होता. म्हणजे जमिनीवरच्या केंद्रांच्याच नोंदी खराब, असं मी ठरवून टाकलं, आणि निबंधात तसं लिहिणारही होते.

लिहिण्याआधी एकदा विचारावं म्हणून, त्या नोंदी सांभाळणाऱ्या जलशास्त्रज्ञांना चार ओळींचा मेल टाकला. सोबत तो आलेख आणि एकच प्रश्न: तुमच्या फाइलमधली तारीख नक्की कुठल्या चोवीस तासांची?

अर्ध्या तासात उत्तर. मापक सकाळी वाचतात. १५ तारखेच्या सकाळी भांड्यात जे पाणी सापडतं ते १५ च्या नावावर चढतं, पण त्यातलं बहुतेक पडलेलं असतं १४ च्या दुपारी आणि रात्री. आमच्या उपग्रहाच्या संचात दिवस बदलतो तो ग्रिनिचच्या मध्यरात्री. दोन्ही नोंदी खऱ्या, फक्त "दिवस" कशाला म्हणायचं ते वेगळं. मेलच्या तळाशी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती: तिसऱ्या केंद्राचे रविवार बघा. बघितले. जवळपास सगळे रविवार कोरडे ठणठणीत, आणि सोमवारी पाऊस जरा जास्तच. सुट्टीच्या दिवशी मापक वाचायला कुणी जातच नव्हतं. दोन दिवसांचं पाणी सोमवारी एकदम मोजलं जायचं आणि रविवारच्या रकान्यात, तो मोकळा सोडायच्या ऐवजी, शून्य पडायचं. फाइलमध्ये याचा कुठं उल्लेख नाही. हे सगळं त्या एका माणसाच्या डोक्यात आहे, आणि ते पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.

यातून तुम्हाला काय हवं, असं मी त्यांना विचारलं. निबंधात नाव मागतील असं वाटलं होतं, ते तर द्यायचंच होतं. त्यांनी दुसरंच मागितलं. दुरुस्त केलेल्या नोंदी त्यांच्या खात्याकडे परत जाव्यात, आणि त्यांच्या हाताखालच्या एका मुलीला ही दुरुस्ती स्वतः करता येईल इतपत पायथॉन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकवावी. आठ आठवडे शिकवलं. आता ती माझ्या प्रोग्राममधल्या चुका काढते, आणि जरा जास्तच आनंदानं काढते.

दुसरी व्यक्ती तर भांडतच आली. एका परिषदेत माझं पोस्टर लावलं होतं, त्यावर आमच्या मॉडेलची, म्हणजे संगणकावर बसवलेल्या त्या मेळाची, अचूकता मोठ्या अक्षरांत. एक संख्याशास्त्रज्ञ बाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हा आकडा खोटा आहे. मग त्यांनी पेन्सिलनं माझ्याच पोस्टरवर ठिपके काढून दाखवले. मी नकाशावरचे ठिपके चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून टाकले होते, काही मॉडेलला शिकवायला, काही त्याची परीक्षा घ्यायला. पण शेजारशेजारच्या जमिनीचा ओलावा सारखाच असतो. म्हणजे परीक्षेतला प्रश्न आणि वर्गात सोडवलेलं गणित जवळपास एकच, मग मार्क पडतीलच. पूर्ण खोरंच्या खोरं बाजूला ठेवून परीक्षा घ्या, म्हणाल्या. घेतली, आणि आकडा असा आपटला की आमच्या गटप्रमुखांनी दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं केलं नाही. त्या बाईंना मात्र मी त्याच आठवड्यात मेल केला. वाहवा करणारे त्या दिवशी पंधरा जण भेटले होते, त्यातल्या एकाचाही पुढं उपयोग झाला नाही.

तेव्हापासून मी "कोण मोठं आहे" हे बघत नाही. निबंधातला पद्धतीचा भाग वाचते आणि मोजमाप प्रत्यक्ष कुणी घेतलं ते शोधते. डेटाच्या संचांना आता स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचे लेखक असतात. झेनोडो म्हणून एक भांडार आहे, २०१३ पासून सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था चालवते. तिथं संच तयार करणाऱ्यांची नावं सापडतात, आणि निबंधात तीच नावं पाचवी-सहावी असतात. अशा माणसांना सहसा कुणी मेल करत नाही, म्हणून ती उत्तरं देतात. परिषदेत मोठ्या सभागृहापेक्षा पोस्टरची रांग बरी. सगळ्यांत उत्तम म्हणजे चार-पाच दिवस एका टेबलाशी बसणं. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला १९९५ साली एक केंद्र सुरू झालं, तिथं परिसरशास्त्रज्ञांनी नवी मोजमापं घ्यायची नाहीत, आधीच जमलेला डेटा घेऊन एकत्र बसायचं, अशी रीत पाडली. आम्ही ती छोट्या प्रमाणावर उचलली आहे. मेलवर महिनाभर चालणारा वाद टेबलाशी चहा निवायच्या आत मिटतो.

आणि हो, कागद. तुम्ही नेहमी म्हणता ना, सख्ख्या भावाशीही व्यवहार लिहून. इथं मी ते ऐकलं नाही आणि पोळले. एका दुसऱ्या गटाबरोबर वर्षभर काम केलं आणि नावांच्या क्रमावरून शेवटी अबोला. आता पहिल्याच बैठकीत एक पान लिहितो: कोण काय करणार, डेटा आणखी कुणाला दाखवायचा, मध्येच कुणी सोडून गेलं तर त्याच्या कामाचं काय. कामांची नावं ठरवायला क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी आहे, तिच्यात डेटा नीटनेटका राखणं आणि प्रोग्राम लिहिणं यांनाही स्वतंत्र जागा आहे. गटप्रमुखांना आधी हा कागद अविश्वासाचा वाटला. जलशास्त्रज्ञांनी मात्र तो वाचून म्हटलं, इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदाच कुणी विचारलं.

आता अडलंय ते जमिनीत पुरलेल्या ओलावामापकांपाशी. आकडे हळूहळू एका बाजूला सरकतायत. माती खरंच वाळतेय की उपकरण थकलंय, ते आमच्यातल्या कुणालाच सांगता येत नाही. ही उपकरणं बसवणारं एक माणूस हेरलंय. त्यांना पाठवायचा मेल तीनदा लिहिला, तीनदा खोडला. चौथा मसुदा या पत्राच्या मागच्या पानावर उतरवलाय, आठ ओळींचा आहे. तुम्हाला या विषयातलं काही कळत नाही, म्हणूनच तुम्ही वाचा. जिथं अडाल तिथं लाल पेननं खूण करा, आणि मी नुसती स्वतःचीच टिमकी वाजवतेय असं वाटलं तर ती ओळ सरळ काटा. रविवारी फोनवर सांगा. फोन जरा उशिरा करा, नेहमीच्या वेळी आमची बैठक असते आणि तिघांच्या घड्याळात तेवढी एकच वेळ जुळते.

आईला नमस्कार. ताईला म्हणावं, तिचंही पत्र येऊ दे.

तुमची,
धाकटी