आई-बाबा, मिरजेचा प्लॉट विकू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

ताई म्हणाली, मिरजेच्या प्लॉटसाठी एजंट घरी येऊन गेला. बाबा, हात जोडून सांगतो, विकू नका. माझं ठरलंय. नोकरीला ‘येत नाही’ असं कळवलं आहे, पुढची दोन वर्षं मी टेनिसच्या व्यावसायिक टूरवर खेळणार आहे. पण त्या जमिनीच्या पैशावर नाही. फोनवर हे बोलायला घेतलं की आई रडते आणि मग मलाही बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

मी जिथून सुरुवात करतोय ती सगळ्यात खालची पायरी आहे: आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, एम १५ स्पर्धा. अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस १५,००० डॉलर. एकेरी जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर आणि क्रमवारीचे १५ गुण. पहिल्या फेरीत हरला तर १५६ डॉलर आणि गुण शून्य. त्यातून बऱ्याच देशांत कर कापतात. विमान, खोली, जेवण ज्याचं त्याचं. म्हणजे या पायरीवर चांगलं खेळणाराही तोट्यात असतो. त्याच्या वर चॅलेंजर (आपल्या बालेवाडीची महा ओपन त्यातलीच), मग एटीपी, म्हणजे पुरुषांची मुख्य टूर, आणि शेवटी ग्रँड स्लॅम. तिथे १२८ जणांच्या ड्रॉमध्ये १०४ जण थेट क्रमवारीवर येतात. ऑस्ट्रेलियन ओपनला २०२५ मध्ये पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. पैसा आहे तो तिथे, आणि तिथे पोचेपर्यंतचा सगळा खर्च खालच्या पायऱ्यांवर होतो.

बाबा, सुमित नागलची बातमी तुम्हीच कापून ठेवली होती. २०२३ मध्ये देशातला सगळ्यात वरचा एकेरी खेळाडू असताना खात्यात ९०० युरो उरलेत असं त्याने सांगितलं. पुढच्याच जानेवारीत तो पात्रता फेरीतून आला आणि मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने मानांकित बुब्लिकला हरवलं. जुलैत तो जागतिक क्रमवारीत ६८वा होता. तुम्ही त्यातून जिद्द घेतलीत. मी हेही घेतलं, की इतका चांगला खेळाडूसुद्धा कोरडा पडू शकतो, तेव्हा घरच्यांचं म्हातारपण या खेळात लावायचं नाही.

मग भागणार कसं? सुरुवात ट्युनिशियात मोनास्तिरला. तिथे एकाच ठिकाणी आठवड्यामागून आठवडे स्पर्धा असतात, त्यामुळे विमान एकदाच. खोली दोघांत. दुहेरी दर आठवड्याला खेळणार, कारण एकेरी मंगळवारी संपली तरी आठवडा फुकट जात नाही. रॅकेट मी स्वतः विणतो. पॉलिस्टरची तार काही तासांत सैल पडते, मग चेंडू लांब जायला लागतो आणि दोष हाताला दिला जातो. २०० मीटरच्या रिळात सोळा रॅकेट होतात. सुटी तार घेण्यापेक्षा हे बरंच स्वस्त. उन्हाळ्यात जर्मनीतल्या एका क्लबकडून लीग खेळेन, ते सामन्यामागे पैसे देतात. फक्त शेंगेनमध्ये, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या एका व्हिसावर चालणाऱ्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे तेव्हा युरोपातल्या बाकीच्या स्पर्धा मोजूनमापून.

डिग्री हातात आहे, हे विसरू नका. टेनिसपटू सोमदेव देववर्मन आणि आपला पुण्याचा अर्जुन कढे कॉलेजमधूनच या वाटेला आले. गुण ५२ आठवड्यांनी गळतात, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या शेवटी क्रमवारी जे सांगेल ते खरं असेल. तेव्हा चॅलेंजरच्या पात्रतेत नियमित जागा मिळत नसेल, तर मी थांबेन. हे मी रागात किंवा हौसेत लिहीत नाही.

आई, जेवणाची काळजी सोड. हॉटेलात सकाळी अंडी, ब्रेड, फळं. दुपारी भात नाहीतर पास्ता. छोटा राइस कुकर बॅगेत आहे. मेतकूट आणि भडंग पाठव, भरपूर पाठव. सामन्याच्या दिवशी तू हातावर दही-साखर ठेवायचीस, त्याची सवय अजून जात नाही गं.

पण काढा, चूर्ण, वैद्यांच्या गोळ्या अजिबात पाठवायच्या नाहीत. मायेनं पाठवशील, पण त्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही, आणि डोपिंगच्या तपासणीत बंदी असलेलं काही सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच. सर्दीच्या साध्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिनसुद्धा स्पर्धेच्या काळात अडचणीत आणू शकतं.

आणखी एक, हे बाबांसाठी. माझा खांदा दुखतोय का, मी पुढच्या आठवड्यात खेळणार का, असं कुणी विचारलं तर काही सांगायचं नाही, शेजारच्या काकांनाही नाही. या छोट्या सामन्यांवरही सट्टा लागतो, आणि आतली माहिती बाहेर गेली तर बंदी येऊ शकते. हरलो की सट्टेवाले फोनवर घाणेरडे मेसेज टाकतात. तुम्हाला आले तर उत्तर देऊ नका, ताईला दाखवा. रात्री जागून लाइव्ह स्कोअर बघत बसायचं नाही. सामना संपला की मीच मेसेज करेन, हरलो तरी.

गणपतीला येण्याचं आत्ता वचन देत नाही. सोमवारी सुरू होणाऱ्या स्पर्धेचा अर्ज १८ दिवस आधीच्या गुरुवारपर्यंत आणि माघार १३ दिवस आधीच्या मंगळवारपर्यंत, त्यामुळे माझं तिकीट उशिराच निघतं. वाईट वाटून घेऊ नका, जमलं तर मोदकांना नक्की येतो.

बाबांची बीपीची गोळी रोज सकाळी नाश्त्याबरोबरच, आठवेल तेव्हा नाही. आई, गुडघ्याचा एक्स-रे या महिन्यात काढायचाच. ताई रविवारी गाडी घेऊन येईल, तिला मागच्या वेळेसारखं परत पाठवू नकोस. रिपोर्टचा फोटो मला त्याच दिवशी हवा.

तुमचा,
सोन्या