नावे सात, माल तोच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर ‘गुंतवणूक विभागून ठेवा’ हा सल्ला परवा पुन्हा वाचला. सल्ल्याशी माझे भांडण नाही. पण विभागून म्हणजे नेमके काय, हे कुणी फोड करून सांगत नाही आणि नेमका तिथेच मी बारा वर्षे चकलो.

बँकेत तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासले. स्वतःचे पैसे मात्र सात म्युच्युअल फंडांत टाकून निर्धास्त होतो. निवृत्तीनंतर एका रिकाम्या दुपारी वहीत सात रकाने आखले आणि मासिक पत्रकांवरून प्रत्येक फंडाने सर्वाधिक पैसा घातलेले पहिले दहा शेअर उतरवून काढले. नावे झाली सत्तर. दुबार आलेल्यांवर काट मारत गेलो, तर शिल्लक राहिली तेवीस! एक बँक तर सातांपैकी सहा रकान्यांत हजर. लाल पेनने तिच्याभोवती गोल करताना लक्षात आले, की पगार बँकेचा, कर्मचारी म्हणून मिळालेले शेअर बँकेचे आणि वर फंडही बँकांनीच भरलेले. बँकांवर बालंट आले असते, तर नोकरी आणि पुंजी एकदमच गेली असती.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे हेच झाले. त्यांच्या निवृत्तिनिधीतला निम्म्याहून अधिक पैसा कंपनीच्याच शेअरमध्ये होता. डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तेलही गेले, तूपही गेले. शेअर किती आहेत यापेक्षा ते एकमेकांबरोबर कसे वर-खाली होतात ते पाहा, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्येच मांडले होते. त्यांना 1990 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मला मात्र ते लाल पेनाने शिकवले.

दुसरे पालुपद ‘थांबा, बाजार वर जातोच’ हे. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 अखेर 38,915 वर होता. तो आकडा त्याने पुन्हा ओलांडला फेब्रुवारी 2024 मध्ये. मधल्या काळातला लाभांश धरला, किंवा कुणी थोडी थोडी खरेदी चालू ठेवली असे मानले, तर चित्र इतके काळे नाही, हे कबूल. पण पन्नाशीत सगळी रक्कम एकदम तिथे टाकणारा तोवर चौऱ्याऐंशीचा झाला होता. त्याने किती थांबायचे?

मी सातांचे तीन केले. एक व्यापक निर्देशांकावरचा, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड, एक परदेशी बाजारांचा आणि एक रोख्यांचा. वर्षातून एकदा ठरलेले प्रमाण पुन्हा जुळवतो. वाढलेले विकून मागे पडलेले घ्यायला हात धजत नाही, दर वेळी बायकोला शेजारी बसवावे लागते.

एक विनंती आहे. आपल्या पानावर ‘उत्तम पाच फंड’ अशी यादी येते. तिच्यात परताव्याच्या शेजारी आणखी एक रकाना द्यावा, या पाचांत सामाईक शेअर किती आहेत याचा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी