अंदाजे म्हणजे किती

देवरुख, 22 ऑगस्ट

चि. सुमेध यास अनेक आशीर्वाद.

"आई, अंदाजे नको सांगू, ग्रॅममध्ये सांग," असं तू परवा फोनवर म्हणालास तेव्हा मला रागच आला होता. इतकी वर्षं हाताच्या अंदाजाने रांधलं, कोणी पानावरून उपाशी उठलं नाही. पण नंतर बाबांचा जायपत्री तोलायचा छोटा काटा ओट्यावर आणला आणि चार दिवस जे करीन ते तोलत बसले. बाबांना दोनदा चहा उशिरा मिळाला.

आधी वाटी. आपली रोजची स्टीलची वाटी 150 मिलिलिटरची निघाली. खाली जिथे वाटी म्हणेन तिथे तीच धर.

तुझं टोमॅटोचं सार फुटलं, कारण नारळाचं दूध घातल्यावर तू गॅस मोठा ठेवून ते खळखळा उकळलंस. टोमॅटोचा आंबटपणा आणि वर उकळी, दूध फुटणारच. चार टोमॅटो (माझे 380 ग्रॅम भरले) उकडून, साली काढून, मिक्सरमधून काढ आणि गाळ. दोन वाट्या पाणी, सुपारीएवढा गूळ, मीठ घालून हे खुशाल उकळ. तुपात जिरं, कढीपत्ता, एक सुकी मिरची अशी फोडणी दे. मग गॅस अगदी बारीक कर आणि वाटीभर नारळाच्या दुधात चमचाभर तांदळाचं पीठ कालवून ते ओत. ढवळत राहा, पीठ शिजून सार जरासं दाट झालं आणि कडेला बारीक बुडबुडे दिसले की बंद. तांदळाच्या पिठाने सार एकजीव राहतं.

आमसुलाचं सार त्याहून सोपं. दहा आमसुलं (14 ग्रॅम) वाटीभर गरम पाण्यात वीस मिनिटं भिजव, कुस्कर, आणखी तीन वाट्या पाणी, गूळ, मिरचीचा तुकडा, तुपाची फोडणी, एक उकळी. मीठ सगळ्यात शेवटी आणि चव घेऊन, कारण आमसुलं सुकवतानाच त्यांना मीठ लावलेलं असतं. ग्रॅम विचारू नकोस. माझी मिठाची चिमूट काट्यावर ठेवली तर काटा शून्यावरून हललासुद्धा नाही.

तुझ्या खोलीतल्या मुलाला सर्दी-ताप आहे म्हणालास, त्याला कळण दे. भिजवलेले मूग एक वाटी, पाणी सहा वाट्या, कुकरमध्ये मऊ होऊ देत. वरचं पाणी गाळून घे. त्यात आलं, मीठ, तूप-जिरं-लसणीची फोडणी, आणि निवत आल्यावर अर्धी वाटी ताक. खाली राहिलेल्या मुगाची उसळ तुम्हा बाकीच्यांना. एका कुकरात दोन पदार्थ झाले.

आता तुझ्या नव्या ओव्हनबद्दल. केकची कृती मागितलीस, मी धोंडसाची देते. धोंडस म्हणजे आपला काकडीचा केकच. आजी हे चुलीवर करायची. पितळी पातेलं, खाली मंद विस्तव, झाकणावर निखारे. तुझ्या ओव्हनच्या वरच्या-खालच्या कांड्या तेच काम करतात, फक्त डोळ्यांत धूर जात नाही. सध्या आपल्या परसात तवशी, त्या मोठ्या काकड्या, लोंबताहेत. तुमच्या बंगळुरात मंगळुरी सौतेकाई मिळते, ती पिवळी, जाड काकडी चालेल. आधी टोकाकडचा तुकडा खाऊन बघ, कडू असेल तर सगळी मेहनत वाया.

साल आणि बिया काढून 400 ग्रॅम कीस घे, सुटलेलं पाणी फेकू नको. दोन वाट्या तांदळाचा रवा (220 ग्रॅम) तीन चमचे तुपावर खमंग भाज. कीस, त्याचं पाणी, 180 ग्रॅम गूळ, हळद आणि मीठ उकळ. त्यात रवा आणि वाटीभर ओलं खोबरं घालून झाकण ठेव. रवा फुलला पाहिजे. शिऱ्यापेक्षा सैल हवं, कोरडं वाटलं तर गरम पाण्याचा हबका मार. वेलची आणि काजू घाल, तूप लावलेल्या भांड्यात थाप, 180 अंशांवर चाळीस मिनिटं, वरून तांबूस होईतो. पूर्ण गार झाल्यावर काप. गरम कापलंस तर लगदा होतो, तुझी घाई मला माहीत आहे.

नानकटाईचं मात्र मी कबूल करते, चूक माझी. अर्धी वाटी तूप सांगत आले मी सगळ्यांना. तोलल्यावर कळलं, मी थिजलेलं तूप शीग लावून घेते, ते 80 ग्रॅम भरतं. तू पातळ करून ओतलंस, म्हणून बिस्किटं ताटलीसारखी पसरली. थिजलेलं तूप आणि 60 ग्रॅम पिठीसाखर पांढरंशुभ्र होईतो फेस. मग 120 ग्रॅम मैदा, दोन चमचे बेसन, चिमूटभर बेकिंग पावडर, वेलची. गोळे वळून वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेव, मग 160 अंशांवर अठरा मिनिटं. बाहेर काढताना मऊच लागतील, गार झाल्या की खुसखुशीत होतात. कच्च्या राहिल्या म्हणून परत आत ढकलू नकोस.

लहानपणी आम्ही मे महिन्यात पीठ-तूप-साखर डब्यांत घालून बेकरीत न्यायचो, भाजणावळ किलोवर द्यायची. रांगेत उभं राहून आपलाच पत्रा ओळखायचा. एकदा आमच्या पत्र्यावर दुसऱ्याच कोणाच्या नानकटाया आल्या. त्या आमच्यापेक्षा चांगल्या होत्या, म्हणून आईने काही बोलायचं नाही असं ठरवलं.

शेजारच्या काकूंचा मुलगा रविवारी निघतोय. त्याच्याबरोबर अर्धा किलो आमसुलं आणि कोकमाच्या आगळाची, म्हणजे खारवलेल्या रसाची, बाटली देते आहे. बाटली उभीच ठेव. आमसुलं स्टीलच्या डब्यात आहेत, तो डबा परत यायला हवा. आधीचे तीन अजून तिकडेच आहेत.

तुझी,
आई