विषय : दुचाकींसाठी साखळ्या-कुलपांची घाऊक खरेदी आणि त्याआधी पार्किंगमध्ये करायचे काम

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
सहकारी गृहरचना संस्था मर्या., पुणे

सप्रेम नमस्कार, वि. वि.

ग्रुपवरचा मेसेज वाचला. स्टिल्टमधून, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमधून, पाठोपाठ दोन गाड्या चोरीला गेल्यावर समितीने लगेच हालचाल केली, हे बरे झाले. पण प्रत्येक दुचाकीमागे एक साखळी, एक कुलूप, हार्डवेअरच्या दुकानातून ठोक भावात आणि वसुली मेंटेनन्सच्या बिलातून, या प्रस्तावाला माझी हरकत आहे. पैशाला नाही, मालाला. एकदा ऑर्डर गेली की विषय मिटला असे सगळे धरून चालतील, म्हणून सभेची वाट न पाहता लिहितो आहे.

जी दुसरी गाडी गेली तिला साखळी होती, हे कुणी बोलत नाही. तुटलेली कडी वॉचमनच्या टेबलाच्या खणात आहे, एकदा हातात घेऊन बघा. तुटल्या जागी दोन्ही टोके पक्कडीने दाबलेल्या तारेसारखी चपटी झाली आहेत. याचा अर्थ लोखंड मऊ होते आणि कटर (लांब दांड्यांची लोखंड तोडायची कात्री) दाबताच दबत दबत तुटले. किलोवर मिळणारी चकचकीत गॅल्व्हनाइज्ड साखळी ती हीच, आणि आपण आता तीच सगळ्या विंगांना वाटणार आहोत.

चांगली साखळी ओळखायची तर दुकानदाराकडून एक कानस मागून घ्या आणि कडीवर जोर लावून एकदा ओढा. मऊ लोखंडावर लगेच चरा उठतो, भुकटी बोटाला लागते. उष्णता देऊन कडक केलेल्या पोलादावर कानस नुसती घसरते. दुकानदार तोंड वाकडे करील, करू दे. खरोखर कडक माल असेल त्याला यात काहीच अडचण नसते.

जाडीचे बोलायचे तर कडक पोलादाची 10 मिमी ही माझ्या मते किमान मर्यादा, आणि तीही रोज बॅगेत टाकून ऑफिसला नेणाऱ्यांसाठी. घरच्या पार्किंगसाठी 13 मिमीच्या खाली जाऊ नये. 16 मिमीची कडक साखळी मीटरभर लांब दांड्यांच्या कटरलाही सहसा दाद देत नाही. तिचे वजन मीटरला पाच किलोच्या घरात जाते हे खरे, पण ती पार्किंगमध्येच पडून राहणार. रोज उचलून न्यायची आहे कुणाला? कडीचा छेद गोल असण्यापेक्षा चौकोनी किंवा षट्कोनी बरा, आणि कड्या एकमेकींत इतक्या घट्ट हव्यात की मध्ये पहार घालून पीळ देता येणार नाही. वरचे कापडी कव्हर गाडीचा रंग खरवडू नये यासाठी असते. साखळीच्या ताकदीशी त्याचा संबंध नाही, तेव्हा ते सरकवून आतला माल बघूनच घ्यावी.

कुणाला परदेशी बनावटीची परवडत असेल तर कुलपे-साखळ्या तपासून दर्जा देणाऱ्या ब्रिटनच्या ‘सोल्ड सिक्युअर’ संस्थेचा मोटरसायकलसाठीचा गोल्ड किंवा डायमंड दर्जा पाहावा, नाहीतर नेदरलँड्सच्या तशाच ‘एआरटी’ संस्थेचे चार तारे. सायकलसाठीचा गोल्ड वेगळा असतो. विकणारा तो फरक स्वतःहून सांगत नाही.

बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे (फिरत्या चकतीने लोखंड कापणाऱ्या यंत्रापुढे) कोणतीच साखळी कायम टिकत नाही, हेही लिहून ठेवतो, म्हणजे सभेत कुणी तोच मुद्दा काढून सगळेच निकालात काढणार नाही. पण जाड कडी एका काप्याने सुटत नाही. तीच कडी दोन ठिकाणी कापावी लागते. ठिणग्या उडतात आणि स्टिल्टमध्ये तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. कटरचे काम मात्र आवाज न होता काही सेकंदांत होते. आपल्याला टाळायचे आहे ते हे.

साखळीवर खर्च करून कुलूप स्वस्तातले घेणारे लोकही आहेत. कुलपाची कडी साखळीइतकीच जाड हवी आणि दोन्ही बाजूंनी आत अडकणारी हवी. एकाच बाजूने अडकणारी कडी एका काप्याने फिरवून काढता येते. शक्य तर कुलपाच्या अंगानेच कडी झाकलेली असावी, म्हणजे कटरचा जबडा शिरायला जागा उरत नाही. लावताना चावीचे भोक खाली करावे, नाहीतर पावसाळ्यात पाणी आणि एरवी धूळ आत जाते. तेल घालू नका, त्यावर धूळ बसून चावी अडकते. ग्रॅफाइटची पूड घाला.

आता माझा खरा मुद्दा. एवढी भारी साखळी बांधणार कशाला? आपल्याकडे गाड्या नुसत्या उभ्या असतात. नुसत्या चाकाला कुलूप घातलेली गाडी दोघे उचलून टेम्पोत टाकतात आणि साखळी सावकाश नंतर तोडतात. आणि जमिनीवर लोळणारी साखळी तोडणे तर सर्वांत सोपे : कटरचा एक दांडा फरशीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार द्यायचा, किंवा खाली फरशीचा आधार आहेच म्हणून छिन्नी-हातोडा चालवायचा. म्हणून साखळी आखूड हवी, जमिनीपासून वर ताणलेली हवी आणि कशाला तरी पक्की अडकवलेली हवी. मोटरसायकलला मागच्या चाकातून आणि ते चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (स्विंगआर्मच्या) आतून घ्यावी. पुढचे चाक खोलून ठेवून बाकीची गाडी नेता येते. स्कूटरची चासी प्लास्टिकखाली झाकलेली, तिथे बहुतेकदा चाक आणि फोर्क दोन्ही धरून भागवावे लागते. हँडल लॉकवर कुणी विसंबू नये, ते एका हिसक्यात तुटते.

तर समितीने साखळ्यांऐवजी हे ‘कशाला तरी’ बसवून द्यावे. माझी सूचना : दुचाकींच्या रांगेमागे जाड भिंतीच्या लोखंडी पाइपची एक आडवी दांडी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तिचे पाय जमिनीत काँक्रीटमध्ये गाडलेले. कोपऱ्यातल्या सुट्या गाड्यांसाठी जमिनीत अँकर बोल्टने बसवलेली पोलादी कडी. बोल्टच्या डोक्यातल्या षट्कोनी खाचेत एक स्टीलची गोळी ठोकून बसवली की पाना त्यात शिरतच नाही आणि बोल्ट खोलता येत नाही. फॅब्रिकेटरला हे माहीत असते, पण सांगितल्याशिवाय तो करणार नाही.

यात तीन जागी सांभाळायला हवे. पेव्हर ब्लॉकमध्ये काहीही बसवू नये, ब्लॉक हाताने उचलून निघतो आणि कडीही त्याच्याबरोबर. ए विंगच्या जिन्यासमोर खाली पाण्याची टाकी आहे, तिथे ड्रिल लागू देऊ नका. आणि खांबांना भोके पाडायचा सोपा मार्ग कुणी सुचवला तर समितीने सरळ नकार द्यावा. आतल्या सळया कापल्या गेल्या तर पुढच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये कोण उत्तर देणार? खांबाभोवती साखळी गुंडाळायला मात्र हरकत नाही, ज्यांना जवळ पडते त्यांनी तसे करावे.

चार नवे कॅमेरे लावायला माझा विरोध नाही. मात्र एक तरी असा लावा ज्यात गेटमधून बाहेर पडणाऱ्या गाडीची नंबर प्लेट वाचता येईल. आत्ताच्या फुटेजमध्ये चोरांच्या टोप्या स्पष्ट दिसतात, बाकी काही नाही.

जाता जाता विम्याचे. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. त्यामुळे कागदावर पाच वर्षे पाहून अनेकजण निश्चिंत असतात. पण चोरीची भरपाई थर्ड पार्टीत येत नाही, ती स्वतःच्या गाडीच्या विम्यातून मिळते, आणि तो भाग बऱ्याच पॉलिसींत पहिल्या वर्षानंतर दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. दावा करताना कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते, शिवाय तपास न लागल्याचा पोलिसांचा ‘अ’ समरी अहवाल. नोटीस बोर्डावर एवढे दोन ओळींत लावता आले तर उपयोग होईल.

समितीकडे मागणे एवढेच, की साखळ्यांची ऑर्डर थांबवावी आणि दांडीचा खर्च पुढच्या बैठकीत मंजुरीला ठेवावा. साखळी-कुलूप ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे घ्यावे. ज्यांना एकत्र घ्यायचे असेल त्यांच्यासाठी दुकानात जाऊन कानस लावून बघायला मी तयार आहे. दोन फॅब्रिकेटरांकडून कोटेशन आणतो, पण मापे घ्यायला येण्यापूर्वी टाकीची जागा दाखवणारा इमारतीचा नकाशा लागेल. तो सचिवांच्या कपाटात असावा. रविवारी सकाळी मिळाला तर त्याच दिवशी खडूने खुणा करून ठेवतो.

कळावे,

आपला,
एक सभासद, बी विंग

सोबत : दुचाकी रांगेचा हाताने काढलेला आराखडा